वांशिक समतेसाठी भागीदारी: ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कुणाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका मध्यम आकाराच्या शहरात स्थानिक प्रशासन, दोन-तीन शाळा, एक रुग्णालय आणि वेगवेगळ्या वांशिक समूहांच्या काही संघटना वांशिक समता व सामाजिक समावेशनासाठी एकत्र आल्या. वर्षभरात सांस्कृतिक मेळावा झाला, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण झाले, चार भाषांतले फलक लागले. निधी प्रशासनाच्या खात्यात आहे, बैठका प्रशासनाच्या कार्यालयात भर दुपारी होतात. पण भाड्याचे घर शोधताना, नोकरीला अर्ज करताना, पोलिसांकडे तक्रार नेताना या समूहांच्या वाट्याला जे येत होते तेच आजही येते. संघटनांची माणसे आता बैठकांना फिरकेनाशी झाली आहेत. विचारणाऱ्या अधिकारी बाईंना तीन गोष्टी हव्या आहेत: चुकते कुठे, नव्याने सुरुवात कशी करावी आणि पोलिसांना यात घ्यावे की नाही.

संस्था आणि वस्त्या यांच्यातल्या अशा भागीदाऱ्या जुळवणे हेच माझे काम आहे. कुठलीही भागीदारी पाहायला गेले की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. या समूहांच्या प्रतिनिधींनी उद्या ‘हे आम्हाला मान्य नाही’ म्हटले, तर काय थांबते? तुम्ही जे वर्णन केले आहे त्यात काहीच थांबत नाही. पैसा एका बाजूकडे, जागा त्याच बाजूची, वेळ त्याच बाजूच्या सोयीची. दुसऱ्या बाजूकडे आले ते निमंत्रणपत्र आणि व्यासपीठावरची खुर्ची. अशा ठिकाणी माणसे येईनाशी झाली की ‘लोकांना रस नाही’ असा शेरा लगेच मारला जातो. तो मला कधीच पटलेला नाही. आपण बोललो काय आणि गप्प बसलो काय, ठरलेले आधीच ठरलेले आहे हे त्यांनी अचूक ओळखलेले असते, आणि ज्याची रोजची मजुरी बुडते तो अशा बैठकीत दुपार घालवत नाही.

शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, ती अजूनही कामाची आहे. अमेरिकेतल्या शहर-सुधार योजनांमध्ये काम करताना त्यांनी सहभागाच्या नावाखाली चाललेले प्रकार जवळून पाहिले होते. तळाच्या दोन पायऱ्यांवर लोकांना हाताळले जाते किंवा दोष त्यांच्यातच आहे असे धरून त्यांनाच ‘सुधारले’ जाते. मधल्या तिन्हींवर माहिती देणे, मत विचारणे आणि एखाद-दोन पदे देऊन बोळवण करणे येते. भागीदारी ही सहावी पायरी आहे. तिथे आल्यावरच निर्णयाची वाटणी सुरू होते, त्याआधी नाही. तुमचा मेळावा तिसऱ्या-चौथ्या पायरीवरचा आहे. तो वाईट नव्हे, पण त्याला भागीदारी म्हटल्यामुळे अपेक्षा सहाव्या पायरीची तयार झाली आणि निराशाही त्याच मापाने आली.

सहावी पायरी प्रत्यक्षात कशी चढली जाते ते बॉस्टनच्या डडली स्ट्रीट भागात पाहता येते. १९८० च्या दशकात या वस्तीत तेराशेच्या आसपास भूखंड ओसाड पडले होते. घरे जाळली गेली होती, आणि शहराबाहेरचे लोकही इथे येऊन कचरा ओतून जात. कृष्णवर्णीय, केप व्हर्डे बेटांवरून आलेले, लॅटिनो आणि गोरे असे चार समूह शेजारी राहत होते. १९८४ मध्ये एका धर्मादाय निधीने पुढाकार घेतला, संस्थांना एकत्र केले आणि नव्या मंडळाचा आराखडा घेऊन रहिवाशांची सभा भरवली. आराखड्यात बहुतेक जागा संस्थांना होत्या, रहिवाशांना मोजक्याच. तेव्हा सभेतून विचारणा झाली की व्यासपीठावर बसलेल्यांपैकी इथे राहतो कोण? उत्तर सगळ्यांना माहीत होते. आराखडा तिथेच अडला.

पुढे जे झाले ते महत्त्वाचे आहे. निधीच्या विश्वस्तांनी अंग काढून घेतले नाही आणि हट्टही धरला नाही. मंडळाची रचना बदलली, बहुमत रहिवाशांचे झाले आणि चारही समूहांना लोकसंख्या कमी-जास्त असूनही किमान जागा समान मिळाल्या. या शेवटच्या तरतुदीकडे मी सगळ्यांचे लक्ष वेधते. संख्येच्या प्रमाणात जागा दिल्या असत्या तर लहान समूह प्रत्येक मतदानात हरले असते आणि समूहासमूहांत कुरबुर सुरू झाली असती. पहिली मोहीम होती कचऱ्याविरुद्ध. १९८६ मध्ये ती सुरू झाली, कारण तो त्रास चौघांनाही सारखाच होता आणि त्याचा निकाल डोळ्यांना दिसणारा होता. बेकायदा कचराकेंद्रे बंद झाली. त्या यशाच्या बळावर १९८८ मध्ये या संस्थेने शहराकडून ओसाड खासगी भूखंड सार्वजनिक कामासाठी संपादित करण्याचा अधिकार मिळवला. अमेरिकेत वस्तीच्या संघटनेकडे असा अधिकार येण्याची ती पहिली वेळ होती. जमीन सामुदायिक न्यासाच्या मालकीची राहते, घर कुटुंबाच्या मालकीचे, आणि जमिनीचा भाडेपट्टा ९९ वर्षांचा. न्यासाच्या जमिनीवर, काही मालकीची तर काही सहकारी किंवा भाड्याची, अशी दोनशेहून अधिक घरे तिथे उभी राहिली आणि ती घरे आजही परवडणाऱ्या किमतीच्या मर्यादेत आहेत.

याच्या उलट उदाहरणही अमेरिकेतलेच आहे. १९६४ च्या दारिद्र्यविरोधी कायद्यात, गरीब वस्त्यांमधल्या लोकांचा ‘शक्य तितका जास्तीत जास्त सहभाग’ असावा असे लिहिले गेले. लोकांनी ते मनावर घेतले, तेव्हा अनेक शहरांचे महापौर अस्वस्थ झाले, आणि १९६७ च्या दुरुस्तीने या कार्यक्रमांचा ताबा स्थानिक सरकारांकडे परत नेण्याची वाट करून दिली. दिलेला वाटा परत घेता येतो, आणि तो पहिल्या मतभेदाच्या वेळीच घेतला जातो. म्हणून तुमच्या सामंजस्य करारात हे स्पष्ट लिहा: कोणत्या बाबींवर समूहांच्या प्रतिनिधींची संमती लागेल, ती नसेल तर काम किती दिवस थांबेल, तिढा कोण सोडवेल, आणि करार मोडायचा झाला तर किती आधी लेखी कळवावे लागेल. प्रशासनाची विधी शाखा कुरकुर करेल. तरीही हे कलम सोडू नका, कारण बाकी सगळा करार त्याच्यावर उभा आहे.

प्रतिनिधी कोण, हा यापुढचा अवघड भाग. प्रशासनाला प्रत्येक समूहाचा एक ‘नेता’ हवा असतो, एक फोन केला की काम होईल असा. बहुधा तो वयाने मोठा पुरुष असतो, त्याला कार्यालयीन भाषा येते आणि त्याचे स्वतःचे बस्तान बसलेले असते. त्याच्या शब्दाला मान असेलही. पण घरकाम करणारी बाई, शाळेतून वारंवार घरी पाठवला जाणारा मुलगा, कागदपत्रांच्या धास्तीने तक्रारच न करणारा भाडेकरू यांचे म्हणणे त्याच्या तोंडून येईलच असे नाही. कधी कधी हेच लोक त्याच्याविषयीही काही सांगू पाहत असतात. एका समूहाला एकापेक्षा जास्त जागा द्या, त्यांतली किमान एक स्त्रीला आणि एक तरुणाला. मुदत ठरवा आणि निवड समूहाला आपल्या पद्धतीने करू द्या. आणि समतेच्या कामात नेमके कोण येते हेही आधीच ठरवा. संयुक्त राष्ट्रांनी १९६५ मध्ये स्वीकारलेल्या वांशिक भेदभाव निर्मूलनाच्या करारात वंश, वर्ण, कूळ, राष्ट्रीय मूळ आणि वांशिक मूळ अशा पाच आधारांचा उल्लेख आहे. ‘कूळ’ या आधारात जातीसारखे जन्माने चिकटणारे भेदही येतात, असे या कराराच्या समितीने २००२ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे रंगाने आणि देशाने एकच दिसणाऱ्या समूहाच्या आतली उतरंडही आपल्या कामाच्या कक्षेत आहे. ‘तो त्यांचा अंतर्गत मामला’ म्हणून तिच्याकडे पाठ फिरवता येत नाही.

आता बैठकीचेच पाहू. मी अनेक ठिकाणी पाहिलेली बैठक अशी असते. चाळीसेक पानांचा मसुदा बैठक सुरू होताना हातात पडतो. भाषा कार्यालयीन. अधिकारी पडद्यावर भराभर पाने सरकवतात. एका संघटनेची बाई शेजारणीला हळू आवाजात अर्थ सांगत असते, कारण दुभाषी बोलावलेला नाही. मग अध्यक्ष विचारतात, ‘कुणाची काही हरकत?’ दोन-चार सेकंद शांतता. इतिवृत्तात लिहिले जाते: सर्वानुमते मंजूर. सहा महिन्यांनी तीच बाई त्याच निर्णयाविरुद्ध बोलते तेव्हा अधिकारी प्रामाणिक आश्चर्याने म्हणतात, ‘पण तुम्ही तर होता ना बैठकीला!’

यावरचे उपाय साधे आहेत आणि त्यांना पैसे लागतात. कागद किमान आठवडाभर आधी, दोन पानांत, लोकांच्या भाषेत. प्रशिक्षित दुभाषी, घरातले शाळकरी मूल नव्हे. वेळ संध्याकाळची किंवा सुटीची, जागा आलटून पालटून, लहान मुलांना सांभाळण्याची सोय. समूहांच्या प्रतिनिधींना मानधन आणि प्रवासखर्च, कारण टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेला प्रत्येक जण त्या तासाचा पगार घेतच असतो. आणि मुख्य बैठकीआधी फक्त प्रतिनिधींची, अधिकाऱ्यांशिवायची एक बैठक. तिथे माणसे मोकळेपणाने भांडतात, मग मुख्य बैठकीत एकत्र बोलतात. मौन म्हणजे संमती हा पायंडा मात्र पहिल्याच दिवशी मोडा. प्रत्येकाकडून होकार, नकार किंवा ‘विचारून सांगतो’ यांपैकी एक उत्तर घ्या आणि तसेच नोंदवा.

विषय एकच निवडा. ‘समावेशक शहर’ हा विषय होऊ शकत नाही. ‘प्रशासन आणि रुग्णालय यांच्या भरतीत या समूहांचे उमेदवार कुठे गळतात’ हा विषय होतो. भरतीपासून सुरुवात करावी असे मी सुचवते, कारण ती तुमच्या स्वतःच्या हातात आहे. शिकागो आणि बॉस्टनमध्ये झालेला आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे: नोकरीच्या जाहिरातींना सुमारे ५,००० अर्ज पाठवले गेले. पात्रता तोलून सारखी ठेवली आणि काही अर्जांवर गोऱ्यांमध्ये प्रचलित, तर काहींवर कृष्णवर्णीयांमध्ये प्रचलित नावे घातली. गोऱ्या नावांना बोलावणे सुमारे ५० टक्क्यांनी जास्त आले. अर्ज चाळणाऱ्यांपैकी किती जण स्वतःला वंशवादी म्हणवून घेतील? बहुधा कुणीच नाही. म्हणून केवळ मनोवृत्तीचे प्रशिक्षण देऊन हे सुटत नाही, प्रक्रियाच उघडून पाहावी लागते.

ती अशी उघडा. मागच्या दोन-तीन वर्षांच्या भरतीचे आकडे काढा: अर्ज किती, छाननीत उरले किती, मुलाखतीला किती, निवड किती, वर्षभरानंतर नोकरीत टिकले किती. प्रत्येक टप्प्यावर समूहवार. गळती एका टप्प्यावर एकदम वाढलेली दिसेल. छाननीत असेल तर नावे झाकून छाननी करून पाहा. मुलाखतीत असेल तर सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारा, आणि परीक्षकांनी आपसात बोलण्याआधीच गुण लिहून टाकावेत असा नियम करा. जाहिरातीतले निकष समूहांच्या प्रतिनिधींसोबत एकेक करून वाचा. ‘स्थानिक कामाचा अनुभव’, ‘उत्तम संवादकौशल्य’, ‘संस्थेच्या वातावरणाशी जुळणारे व्यक्तिमत्त्व’ यांपैकी प्रत्येकाबद्दल विचारा: या पदाच्या रोजच्या कामात हे कुठे लागते? उत्तर देता आले नाही तर तो निकष काढायचा. या वाचनाच्या बैठकीत जेवढे शिकायला मिळते तेवढे प्रशिक्षणाच्या पूर्ण दिवसात मिळत नाही, असे मी खात्रीने सांगते.

नोकरीचा दरवाजा केवळ विनंतीने उघडतोच असे नाही, हेही ध्यानात ठेवा. ब्रिटनमधल्या ब्रिस्टल शहरात १९६३ मध्ये बस कंपनी कृष्णवर्णीय आणि आशियाई लोकांना चालक-वाहक म्हणून घेत नव्हती, आणि कामगार संघटनेची स्थानिक शाखाही त्या बंदीच्या बाजूने होती. पॉल स्टीफन्सन, रॉय हॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवर बहिष्कार पुकारला. विद्यार्थी, काही राजकीय नेते आणि सामान्य गोरे नागरिकही सोबत आले. २८ ऑगस्ट १९६३ रोजी कंपनीने बंदी मागे घेतली आणि सप्टेंबरमध्ये रघबीर सिंग हे शीख गृहस्थ तिथले पहिले बिगरगोरे वाहक झाले. ब्रिटनचा पहिला वंशसंबंध कायदा १९६५ मध्ये आला, आणि नोकरी व घरे यांतल्या भेदभावाला बंदी घालणारा कायदा १९६८ मध्ये. तुमच्या भागीदारीतल्या एखाद्या संघटनेने उद्या प्रशासनाविरुद्ध मोर्चा काढला, तर तो विश्वासघात मानू नका. करारातच लिहा की भागीदार असल्यामुळे जाहीर टीका करण्याचा किंवा आंदोलनाचा हक्क जात नाही. हे कलम नसलेल्या भागीदारीत चांगल्या संघटना शिरत नाहीत.

घरांच्या बाबतीत आकडे हातात येणे अवघड असते, कारण घरमालक कारण सांगत नाही, ‘घर गेले’ एवढेच सांगतो. तिथे जोडीने तपासणी उपयोगी पडते. उत्पन्न, नोकरी, कुटुंब सगळे सारखे सांगणाऱ्या, फक्त वंशाने वेगळ्या दोन व्यक्ती त्याच घरासाठी थोड्या अंतराने विचारणा करतात आणि दोघांनाही काय उत्तर मिळाले ते लगेच लिहून ठेवतात. अमेरिकेत निवास-समतेच्या संस्था हे नियमित करतात, आणि अशा तपासनीसालाही खोटी माहिती मिळाल्याबद्दल दावा लावता येतो, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये मान्य केले. तुमच्या देशातला कायदा यावर काय म्हणतो ते वकिलाकडून समजून घेऊनच हे हाती घ्या.

रुग्णालय भागीदार आहे म्हणून आरोग्याविषयी. वंचित समूह दवाखान्यात येत नाहीत, याचे कारण ‘जागृतीचा अभाव’ असे लिहून संस्था हात झटकतात. अमेरिकेत टस्कगी इथे १९३२ ते १९७२ या काळात सरकारी आरोग्यसेवेने सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांवर, त्यांना आजार न सांगता, निरीक्षण चालू ठेवले. पेनिसिलिन हा हमखास उपाय मिळाल्यावरही तो त्यांच्यापासून दूर ठेवला. ज्या समूहाच्या स्मृतीत असे काही आहे, त्याचा अविश्वास अडाणीपणातून आलेला नसतो.

तो अविश्वास ओलांडण्याचा एक उत्तम प्रयोग लॉस एंजेलिसमध्ये झाला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. कृष्णवर्णीय पुरुषांच्या ५२ केशकर्तनालयांमधले, रक्तदाब खूप वाढलेले ३१९ ग्राहक त्यात घेतले होते. जवळपास निम्म्या दुकानांत न्हावी ग्राहकांना जीवनशैलीबद्दल सांगायचे आणि डॉक्टरकडे जा म्हणायचे. उरलेल्या दुकानांत औषधनिर्माता (फार्मासिस्ट) स्वतः दुकानात यायचा, रक्तदाब मोजायचा आणि डॉक्टरांशी केलेल्या कराराप्रमाणे तिथेच औषध लिहायचा, बदलायचा. सहा महिन्यांनी पहिल्या गटात वरचा रक्तदाब सरासरी ९.३ अंकांनी उतरला, दुसऱ्या गटात २७ अंकांनी. न्हावी दोन्हीकडे होते, ओळख आणि विश्वास दोन्हीकडे होता. फरक पडला तो संस्थेने आपला अधिकार, म्हणजे औषध देण्याचा निर्णय, लोकांच्या जागेत नेल्यामुळे. तुमच्या रुग्णालयाने फलक चार भाषांत लावले, आता त्यांच्याकडचा कोणता निर्णय वस्तीत नेता येईल ते विचारा.

आकड्यांविषयी एक गंभीर इशारा द्यायलाच हवा. समूहवार नोंदींशिवाय भेदभाव सिद्ध होत नाही, हे खरे. पण नोंदींचा इतिहास भयंकर आहे. नेदरलँड्समधल्या चोख नागरिक-नोंदींमुळे नाझींना ज्यू कुटुंबे शोधणे सोपे गेले. त्या नोंदी नष्ट व्हाव्यात म्हणून प्रतिकारकांनी मार्च १९४३ मध्ये ॲम्स्टरडॅमचे नोंदणी कार्यालय पेटवले आणि त्यासाठी अनेकांनी प्राण दिले. म्हणून वंशाची माहिती देणे ऐच्छिक ठेवा, माणसाने स्वतःची ओळख स्वतः सांगावी, नावे आणि आकडे वेगळे साठवा, आणि ही माहिती पोलीस किंवा स्थलांतर खात्याला द्यायची नाही असे लेखी बंधन घाला. कोणती माहिती गोळा करायची आणि कधी नष्ट करायची, यावर समूहांच्या प्रतिनिधींची संमती सक्तीची असावी.

मेळावा बंद करायचा का, असे विचाराल तर नको. पण त्याच्याकडून काय अपेक्षा करायची ते बदला. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच सांगितले होते की वेगवेगळे समूह नुसते एकमेकांसमोर आले म्हणून पूर्वग्रह हमखास कमी होत नाहीत. बरोबरीचे स्थान, समान उद्दिष्ट, परस्परांच्या मदतीने करायचे काम आणि संस्थेचा उघड पाठिंबा असेल तर परिणाम चांगला होतो. पुढे थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी पाचशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासून २००६ मध्ये दाखवले की संपर्काने पूर्वग्रह सर्वसाधारणपणे घटतात, आणि या अटी असतील तर जास्त घटतात. मेळाव्यात एक समूह मंचावर असतो आणि दुसरा प्रेक्षकांत. त्याऐवजी दोन शाळांच्या मुलांनी वर्षभर मिळून एखादे खरे काम करावे, पालकांनी मिळून शाळेच्या शिस्तीचे नियम नव्याने लिहावेत. त्या नियमांचा फटका कुणाला जास्त बसतो हे आकडे समोर ठेवूनच ठरवावे.

पैशाबद्दल थोडक्यात. अंदाजपत्रकाचा ठरावीक हिस्सा समूहांच्या संघटनांकडे थेट जावा, किमान तीन वर्षांसाठी, आणि त्यात कार्यालयाचा व हिशेबनीसाचा खर्च धरलेला असावा. लहान संघटना हिशेबात कच्च्या असतात ही सबब मी सारखी ऐकते. त्यांना हिशेबनीस देणे हा त्यावरचा उपाय आहे, निधी अडकवून ठेवणे नव्हे.

आता पोलीस. घ्यावेत, पण पहिल्या दिवसापासून आणि सगळ्या बैठकांना नको, आणि अटींशिवाय मुळीच नको. सिनसिनाटी या अमेरिकन शहरात १९९५ पासून सहा वर्षांत पोलीस कारवाईत १५ कृष्णवर्णीय पुरुषांचा मृत्यू झाला होता. ७ एप्रिल २००१ रोजी त्यांतलाच पंधरावा, टिमोथी थॉमस हा १९ वर्षांचा निःशस्त्र तरुण, पोलिसाच्या गोळीने मेला आणि शहर पेटले. त्याआधीच वांशिक भेदभावाबद्दल पोलिसांविरुद्ध दावा दाखल झालेला होता. न्यायाधीश सुझन डलॉट यांनी तो वर्षानुवर्षे लढवत ठेवण्याऐवजी सगळ्यांना एका प्रक्रियेत आणले. शहरातले लोक आठ गटांत विभागून, त्यांत तरुण, पोलीस आणि त्यांची कुटुंबे हेही स्वतंत्र गट धरून, सुमारे ३,५०० जणांची मते घेतली गेली. एप्रिल २००२ मध्ये शहर प्रशासन, कृष्णवर्णीयांची संघटना, नागरी हक्कांची संस्था आणि पोलिसांची युनियन अशा चौघांत करार झाला. युनियनची सही त्यावर होती, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. स्वतंत्र तक्रार प्राधिकरण, बाहेरचा निरीक्षक, दरवर्षी त्रयस्थ संस्थेकडून मूल्यमापन हे सगळे त्यात होते. मधल्या वर्षांत तो वारंवार ताणला गेला, पण त्यामागे न्यायालय उभे असल्यामुळे कुणालाही सहज अंग काढून घेता आले नाही.

तुमच्याकडे न्यायालयाचा आदेश नसेल, तरी तीन अटी लेखी घालता येतात. बैठकीत कुणी काय बोलले त्यावरून कुणावर कारवाई होणार नाही. अडवणे, झडती आणि बळाचा वापर यांचे समूहवार आकडे दर तिमाहीत मिळतील. आणि तक्रार आधी नोंदवली जाईल, खरी-खोटी नंतर ठरेल. शेवटच्या अटीमागे ब्रिटनचा अनुभव आहे. स्टीफन लॉरेन्स या १८ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा १९९३ मध्ये लंडनच्या एका बसथांब्यावर खून झाला आणि तपासाची हेळसांड झाली. त्याच्या आई-वडिलांच्या चिकाटीमुळे चौकशी बसली आणि १९९९ मध्ये न्यायमूर्ती मॅकफर्सन यांच्या अहवालाने पोलीस दलातल्या संस्थात्मक वंशवादावर बोट ठेवले. पीडिताला किंवा इतर कुणालाही जी घटना वंशद्वेषी वाटते ती तशीच नोंदवावी, ही व्याख्या त्याच अहवालातली. पुढचा तपास पुराव्यावरच चालतो, पण नोंद होण्यासाठी समोरच्या शिपायाची समजूत पटवावी लागत नाही.

पोलीस या अटींना तयार नसतील तर त्यांची वाट पाहत काम अडवून ठेवू नका. वाचनालय, प्रार्थनास्थळ, दवाखाना किंवा संघटनेचे कार्यालय अशा ओळखीच्या ठिकाणी त्रयस्थ तक्रार केंद्रे सुरू करा. तिथल्या दोघा-तिघांना तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, साक्षीदार हे नीट लिहून घ्यायला शिकवा. तक्रारदाराला आपली तक्रार पुढे न्यायची की फक्त नोंदवून ठेवायची, हे ठरवू द्या. दर तीन महिन्यांनी, नावे वगळून, कोणत्या भागात कोणत्या प्रकारच्या घटना वाढल्या याचा दोन पानांचा गोषवारा जाहीर करा आणि पोलीस प्रमुखांना त्याची प्रत पोच घेऊन द्या. प्रमुख बदलतात. पुढचा अधिकारी बोलायला तयार झाला, की चर्चा ‘तुमचे म्हणणे काय’ इथून सुरू न होता त्या नोंदींपासून सुरू करता येईल.